पिचरचा हात आणि संघाचा हंगाम

क्रिकेटची चर्चा ज्यांच्या घरोघरीं चालते त्या महाराष्ट्रीय श्रोत्यांना बेसबॉलचा खेळ अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. एकानें चेंडू टाकावा, दुसऱ्यानें तो दांडक्यानें टोलवावा, इतरांनीं तो अडवावा किंवा झेलावा आणि टोलविणाऱ्यानें धांवा जमवाव्या, एवढें साम्य दोन्ही खेळांत आहे. परंतु क्रिकेटमध्यें कर्णधाराच्या हाताशीं चार-पांच गोलंदाज असतात व ते आळीपाळीनें षट्कें टाकतात. बेसबॉलमध्यें तसें नाहीं. तेथें सामन्याच्या आरंभीं मैदानाच्या मध्यावर एकच गडी उभा राहतो. त्याला 'पिचर' म्हणतात. आपला संघ क्षेत्ररक्षण करीत असतां पहिल्या डावापासून पांचव्या, सहाव्या, क्वचित् नवव्या डावापर्यंत प्रत्येक चेंडू त्यालाच टाकावा लागतो. तीन गडी बाद झाले कीं एक डाव संपतो आणि असे नऊ नऊ डाव मिळून सामना पुरा होतो. सामना जिंकला तर विजयाची नोंदही एका पिचरच्याच नांवावर होते, आणि हरला तर पराभवाचीही. नऊ गड्यांच्या खेळांत एका गड्यावर एवढा भार टाकणारा दुसरा खेळ विरळा.

हा भार नीट कळावयाचा तर अमेरिकेंतील हंगामाचा पसारा आधीं ध्यानांत घेतला पाहिजे. तेथील व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पायरीवर एकंदर ३० संघ आहेत. अमेरिकन लीग व नॅशनल लीग अशा दोन विभागांत ते प्रत्येकीं १५ असे वांटलेले आहेत. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघाला १६२ सामने खेळावे लागतात. म्हणजे सहा महिने, आठवड्यांतून बहुधा सहा दिवस, आज एका शहरीं तर परवां हजार मैलांवरील दुसऱ्या शहरीं, अशी ही वारी अखंड चालूं राहते. त्यांतून जे वरचढ ठरतात तेवढेच संघ ऑक्टोबरमधील बाद फेऱ्यांना पात्र होतात. शेवटीं दोन्ही लीगांच्या विजेत्यांची गांठ 'वर्ल्ड सीरीज' नांवाच्या मालिकेंत पडते आणि जो आधीं चार सामने जिंकेल तो त्या वर्षाचा अजिंक्य संघ ठरतो.

आतां कोणताही पिचर रोज चेंडू टाकूं शकत नाहीं. एका सामन्यांत नव्वद-शंभर चेंडू टाकले कीं त्याच्या हाताला चार-पांच दिवसांची विश्रांति द्यावी लागते. म्हणून प्रत्येक संघ पांच मुख्य पिचर निवडतो व त्यांची पाळी लावतो. १६२ ला पांचांनीं भागिलें म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ३२ सामने येतात. हे मुख्य पिचर थकल्यावर उरलेले डाव पुरे करण्याकरितां सात-आठ साहाय्यक पिचर निराळे ठेवलेले असतात.

या साध्या भागाकारांतच हंगामाची सारी गोम आहे. पांचांपैकीं एकाचा हात दुखावला तर हंगामाचा पांचवा हिस्सा दुसऱ्या कोणाच्या तरी हवालीं करावा लागतो. तो दुसरा गडी साहजिकच सहाव्या दर्जाचा असतो. पहिला सहा डाव टिकत असे, तर हा चार डावांत दमतो. राहिलेल्या दोन डावांचा बोजा साहाय्यकांवर पडतो. ते आज अधिक राबले कीं उद्यां थकलेले असतात, आणि उद्यांचा मुख्य पिचर कितीही चांगला असला तरी त्याच्या मागें उभें राहावयास ताजें कोणी उरत नाहीं. भिंतींतील एक वीट निघाली म्हणजे तिचा भार शेजारच्या विटांवर पडावा, तसा हा प्रकार होतो. एका कोपराचें दुखणें पाहतां पाहतां साऱ्या संघाचें दुखणें होऊन बसतें.

कोपर दुखावतें कां, हेंही पाहण्यासारखें आहे. पिचर जेथून चेंडू टाकतो तो उंचवटा आणि टोलविणाऱ्याची जागा यांत ६० फूट ६ इंचांचें अंतर असतें. चेंडूचें वजन पांच ते सवापांच औंस. क्रिकेटचा गोलंदाज दुरून धांवत येतो व कोपर सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचर जागच्या जागीं उभा असतो. तो कोपर वांकवून हात मागें नेतो आणि चाबकाच्या फटकाऱ्यासारखा पुढें झोंकतो. वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ सालीं ताशीं ९१ मैलांच्या आसपास होता, तो २०२४ सालीं ९४ मैलांच्या वर गेला. समोरच्या गड्याला विचार करावयास अर्धा सेकंदही मिळत नाहीं. या फटकाऱ्याचा सारा ताण कोपराच्या आंतल्या बाजूस असलेल्या एका लहानशा अस्थिबंधावर पडतो. दंडाचें हाड व पुढील हाताचें हाड यांना बांधून ठेवणारी ती एक चिंचोळी पट्टी आहे. रहाटाचा दोर रोजच्या घर्षणानें एकेक धागा तुटत झिजतो आणि एके दिवशीं पोहऱ्यासह विहिरींत जातो. या पट्टीचीही गत तीच. शेवटच्या चेंडूला ती तुटली असें दिसतें, पण तिची झीज मागील हजारों चेंडूंनीं केलेली असते.

एका हातावर संघाचें नशीब किती अवलंबून असतें याचें ठळक उदाहरण लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचें आहे. सँडी कोफॅक्स हा त्यांचा डावखोरा पिचर. १९६६ सालीं त्यानें ३२३ डाव टाकले, २७ सामने जिंकले आणि दर नऊ डावांमागें त्याच्या माथीं पडणाऱ्या धांवांची सरासरी अवघी १.७३ होती. डॉजर्सनीं १९६५ व १९६६ अशीं लागोपाठ दोन वर्षें नॅशनल लीगचें विजेतेपद मिळविलें. परंतु कोफॅक्सच्या डाव्या कोपरांत संधिवातानें घर केलें होतें. सामन्यापूर्वीं औषधें व सामन्यानंतर बर्फ, असा त्याचा क्रम चाले. जन्मभराचें अपंगत्व पदरीं घेण्यापेक्षां खेळ सोडलेला बरा, असें ठरवून १९६६ च्या नोव्हेंबरमध्यें, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षीं, तो निवृत्त झाला. त्याच हिंवाळ्यांत संघानें मॉरी विल्स व टॉमी डेव्हिस हे आपले दोन नामांकित गडी इतर संघांना देऊन टाकले. १९६७ सालीं डॉजर्स दहा संघांत आठव्या क्रमांकावर फेंकले गेले. एक हात गेला, दोन गडी हातचे गेले आणि अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावरचा संघ वर्षाच्या आंत तळाशीं जाऊन बसला.

कोफॅक्सच्या काळीं अशा दुखण्यावर उपाय नव्हता. आठ वर्षांनीं तो सांपडला, आणि तोही त्याच संघांत. १९७४ च्या जुलै महिन्यांत डॉजर्सचा दुसरा डावखोरा पिचर टॉमी जॉन याचा अस्थिबंध चेंडू टाकतां टाकतां तुटला. त्या वेळेपर्यंत त्यानें त्या हंगामांत १३ सामने जिंकले होते व फक्त ३ हरले होते. संघाचे वैद्य डॉ. फ्रँक जोब यांनीं २५ सप्टेंबर १९७४ रोजीं त्याच्यावर पूर्वीं कोणत्याही पिचरवर न झालेली शस्त्रक्रिया केली. जॉनच्या उजव्या हातांतील एक कंडरा, जिच्यावांचून मनुष्याचें फारसें अडत नाहीं, ती त्यांनीं काढून घेतली आणि डाव्या कोपराच्या हाडांस छिद्रें पाडून त्यांतून ती ओंवली. पुन्हां खेळण्याची आशा शंभरांत एक, असा त्यांचा अंदाज होता. त्या वर्षीं डॉजर्स लीगचे विजेते झाले खरे, परंतु अंतिम मालिकेंत ओकलंडनें त्यांना पांच सामन्यांत हरविलें. जॉन बाजूस बसून होता. १९७५ चें सबंध वर्ष त्यानें हात सुधारण्यांत घालविलें. १९७६ सालीं तो मैदानावर परतला आणि पुढें १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत, खेळत राहिला. त्याच्या एकंदर २८८ विजयांपैकीं १६४ विजय शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. आज त्या शस्त्रक्रियेला जगभर त्याच्याच नांवानें ओळखतात.

या शोधामुळें पिचरचें दुखणें असाध्य राहिलें नाहीं. पण तें हंगामाच्या हिशेबांत मात्र कायमचें जाऊन बसलें. बरें होण्यास बारा ते अठरा महिने लागतात. म्हणजे एप्रिलमध्यें अस्थिबंध तुटला तर तो हंगाम गेलाच, आणि ऑगस्टमध्यें तुटला तर पुढचाही बहुतेक गेला. शिवाय उपाय आहे म्हणून अपाय कमी झाला, असेंही घडलें नाहीं. अमेरिकन बेसबॉलच्या मध्यवर्ती कचेरीनें २०२४ च्या डिसेंबरमध्यें या विषयावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत अधिकाधिक वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू सर्व शक्ति पणाला लावून टाकण्याची नवी रीत, हीं दुखापतींचीं प्रमुख कारणें म्हणून दाखविलीं आहेत. पूर्वींचा पिचर नऊ डाव पुरावयाचे म्हणून शक्ति राखून टाकीत असे; आजच्याला पांच डावांपुरतें बोलाविलेलें असतें, म्हणून तो कांहींच राखीत नाहीं. 'अति तेथें माती' ही म्हण अमेरिकेंतही खोटी ठरत नाहीं.

मग संघाच्या चालकांनीं काय करावें? हात जपावा कीं हंगाम जिंकावा? हा प्रश्न वॉशिंग्टनच्या नॅशनल्स संघापुढें २०१२ सालीं अगदीं उघडा पडला. स्टीफन स्ट्रासबर्ग हा त्यांचा तरुण पिचर. २०१० च्या जून महिन्यांत पहिल्याच सामन्यांत त्यानें पिट्सबर्गच्या १४ गड्यांना चेंडूला स्पर्शही न करूं देतां बाद केलें होतें. ऑगस्टमध्यें त्याचें कोपर गेलें आणि सप्टेंबरमध्यें टॉमी जॉनवरील शस्त्रक्रिया त्याच्यावरही झाली. २०१२ हा शस्त्रक्रियेनंतरचा त्याचा पहिला पूर्ण हंगाम. संघाचे मुख्य कारभारी माइक रिझो यांनीं आरंभींच ठरविलें कीं, ठराविक डावांपलीकडे त्याला खेळवावयाचें नाहीं. जॉर्डन झिमरमन या दुसऱ्या पिचरच्या बाबतींत आदल्या वर्षीं त्यांनीं हाच नियम पाळला होता. परंतु त्या वर्षीं नॅशनल्स लीगच्या अग्रभागीं होते. वॉशिंग्टन शहरानें १९३३ नंतर ऑक्टोबरचा सामना पाहिलेला नव्हता. स्ट्रासबर्गनें १५ सामने जिंकलेले. तरीही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आंतच, १५९ डाव पुरे होतांच, त्याला बसविण्यांत आलें.

संघानें ९८ सामने जिंकून बाद फेरी गांठली. तेथें सेंट लुईसच्या कार्डिनल्सशीं निर्णायक पांचव्या सामन्यांत नॅशनल्स प्रारंभीं ६-० असे पुढें होते. नवव्या डावांत शेवटचा एक गडी बाद होणें बाकी असतां, त्या एका गड्याकरितां झगडतांना त्यांनीं चार धांवा दिल्या आणि सामना ९-७ असा गमावला. स्ट्रासबर्ग धडधाकट हातानें बाजूस बसून तें सारें पाहत होता. टीकेचा भडिमार झाला. कित्येकांचें म्हणणें, अशी संधि पुन्हां येणार नाहीं. तर दुसरे म्हणत, चोवीस वर्षांच्या मुलाचा हात संधीच्या नांवानें मोडावयाचा अधिकार कोणालाही नाहीं.

हात जपणें हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे गेलेल्या हाताच्या जागीं दुसऱ्याचा हात आणणें. अमेरिकेंत खेळाडूशीं केलेला करार हा संघाच्या मालकीचा असतो व एक संघ तो दुसऱ्या संघाला देऊं शकतो. यालाच तेथें 'ट्रेड' म्हणतात. बहुधा रोकड पैशापेक्षां गड्याला गडी असाच हा सौदा असतो. जुलैच्या अखेरीस त्याची मुदत संपते. पूर्वीं कांहीं अटी पाळून ऑगस्टमध्येंही अशी अदलाबदल करतां येत असे. २०१९ पासून ती वाट बंद झाली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यांत म्हणून प्रत्येक संघाला स्वतःशीं प्रामाणिकपणें विचारावें लागतें कीं, यंदां आपण जिंकणाऱ्यांत आहों कीं नाहीं? ज्याला आशा आहे तो अनुभवी पिचर मागतो व त्याच्या बदल्यांत दुय्यम संघांत तयार होत असलेलीं पोरें देतो. ज्याची आशा मावळली आहे तो आजचा पिचर देतो व उद्यांचीं पोरें घेतो. एकाला रोख हवी असते, दुसरा उधारीवर राजी असतो.

या व्यवहाराची धार डेट्रॉइटच्या टायगर्स संघाइतकी क्वचितच कोणी अनुभविली असेल. १९८७ च्या ऑगस्टमध्यें तो संघ टोरोंटोशीं अटीतटीनें झगडत होता आणि पिचर कमी पडत होते. १२ ऑगस्ट रोजीं त्यांनीं अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा मुरलेला पिचर घेतला आणि मोबदला म्हणून दुय्यम संघांतील एक वीस वर्षांचा मुलगा दिला. त्याचें नांव जॉन स्मोल्ट्झ. तो डेट्रॉइट ज्या मिशिगन राज्यांत आहे तेथलाच होता. अलेक्झांडरनें उरलेल्या ११ सामन्यांत ९ विजय मिळविले, पराभव एकही नाहीं. त्याची सरासरी १.५३. हंगामाचा शेवटचा आठवडा उरला तेव्हां टोरोंटो साडेतीन सामन्यांनीं पुढें होता. शेवटच्या तीन दिवसांत डेट्रॉइटनें त्यालाच ओळीनें तीनदां एकेका धांवेनें हरविलें आणि दोन सामन्यांच्या फरकानें विभागाचें विजेतेपद पटकाविलें. अलेक्झांडर नसता तर हें घडलें नसतें, हें कोणीही मान्य करील.

परंतु बाद फेरींत मिनेसोटानें डेट्रॉइटला पांच सामन्यांत गारद केलें, आणि त्यांतील दोन पराभव अलेक्झांडरच्याच नांवावर पडले. १९८९ नंतर तो निवृत्त झाला. इकडे स्मोल्ट्झ अटलांटाकडून २००८ पर्यंत खेळला. १९९५ सालीं त्याचा संघ अजिंक्य ठरला. १९९६ सालीं त्यानें २४ सामने जिंकून उत्कृष्ट पिचरचें 'साय यंग' पारितोषिक मिळविलें. २००० सालीं त्याच्याही कोपरावर तीच शस्त्रक्रिया झाली व तें सारें वर्ष गेलें. परतल्यावर अटलांटानें त्याच्यावरील भार हलका करण्याची युक्ति काढली. सामन्याचा केवळ शेवटचा डाव टाकण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलें, आणि हात पक्का झाल्यावर २००५ सालीं पुन्हां त्याला मुख्य पिचर केलें. २१३ विजय आणि विजय राखण्याच्या १५४ नोंदी, असा दुहेरी पराक्रम दुसऱ्या कोणाच्याही नांवावर नाहीं. २०१५ सालीं त्याला खेळांतील सर्वोच्च सन्मानगृहांत स्थान मिळालें. डेट्रॉइटला १९८७ नंतर बाद फेरीचें दर्शन घडावयास २००६ साल उजाडावें लागलें. त्याला कारणें पुष्कळ होतीं; पण सात आठवड्यांच्या रोखीसाठीं वीस वर्षांची उधारी सोडल्याचा हा दाखला तेथें आजही दिला जातो.

याच शहराची दुसरी कथा २०२४ सालची आहे, आणि तींत डॉजर्स पुन्हां येतात. त्या हंगामाच्या आधीं डॉजर्सनीं पैशाचा अक्षरशः पाऊस पाडला होता. जपानी पिचर योशिनोबू यामामोटो याच्याशीं १२ वर्षांचा ३२५ दशलक्ष डॉलरांचा करार केला. टायलर ग्लासनाऊ याला अदलाबदलींत मिळविलें. शोहेई ओहतानी तर घेतलाच, परंतु कोपराच्या शस्त्रक्रियेमुळें त्या वर्षीं तो केवळ टोलविण्याचें काम करणार होता. कागदावर असा ताफा दुसऱ्या कोणापाशीं नव्हता. जूनमध्यें यामामोटोचा खांदा दुखावला आणि तो सप्टेंबरपर्यंत दिसला नाहीं. ऑगस्टमध्यें ग्लासनाऊचें कोपर दुखावलें. गॅव्हिन स्टोन या तरुणानें ११ सामने जिंकले आणि त्याचा खांदा गेला. क्लेटन केर्शॉ हा जुना मोहरा खांद्याच्या शस्त्रक्रियेंतून जुलैअखेर परतला, सात सामने खेळला आणि पायाच्या दुखण्यानें पुन्हां बसला. पैशानें पिचर मिळतो, पण त्याचें आरोग्य मिळत नाहीं, याचा प्रत्यय साऱ्या अमेरिकेला आला.

अशा वेळीं ३० जुलैला, मुदतीच्या अखेरच्या घटकेस, डॉजर्सनीं डेट्रॉइटकडून जॅक फ्लॅहर्टी हा पिचर घेतला व ट्रे स्वीनी आणि थायरन लिरांझो हे दोन उमेदवार दिले. आदल्याच दिवशीं तीन संघांच्या सौद्यांतून त्यांनीं मायकेल कोपेक हा साहाय्यक पिचर आणि टॉमी एडमन हा गडी मिळविला होता. एडमन मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळें त्या हंगामांत तोंवर एकही सामना खेळलेला नव्हता. आजारी मनुष्य विकत घेण्याचें हें धाडस पुढें फळाला आलें. लीगच्या अंतिम मालिकेंत तोच सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

ऑक्टोबर उजाडला तेव्हां डॉजर्सपाशीं मुख्य पिचर म्हणून यामामोटो, फ्लॅहर्टी आणि वॉकर ब्यूलर असे तिघेच उरले होते. ब्यूलर कोपराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेंतून त्याच वर्षीं परतलेला. हंगामांत त्यानें १ सामना जिंकला होता व ६ हरले होते. सॅन डिएगोशीं मालिका हातची जाण्याची वेळ आली तेव्हां डॉजर्सनीं मुख्य पिचर न योजतां आठ पिचरांकडून थोडे थोडे डाव टाकवून घेतले आणि सामना ८-० असा जिंकला. पुढें न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध फ्लॅहर्टीनें सात डावांत एकही धांव दिली नाहीं. न्यूयॉर्क यँकीजशीं झालेल्या वर्ल्ड सीरीजच्या पांचव्या सामन्यांत मात्र तोच फ्लॅहर्टी दुसऱ्या डावांतच मोडला. ०-५ अशा पिछाडीवरून डॉजर्सनीं ७-६ अशी आघाडी घेतली, पण तोंवर साहाय्यक पिचर संपत आले होते. नववा डाव टाकावयास दोन दिवसांपूर्वींच खेळलेला ब्यूलर पुढें आला. त्यानें तीन गडी बाद केले आणि डॉजर्स अजिंक्य झाले.

डेट्रॉइटचें काय झालें, हा या कथेचा अधिक रंजक भाग. फ्लॅहर्टीला देऊन टाकतांना त्यांनीं हंगामाची आशा सोडली आहे, असेंच सर्वांस वाटलें. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यांत त्यांचे ५५ विजय व ६३ पराभव होते. परंतु तारिक स्कूबल हा पिचर कितीही मागणी आली तरी त्यांनीं सोडला नव्हता. स्कूबलचें कोपर कॉलेजांत असतांनाच कापलें गेलें होतें आणि २०२२ सालीं त्याच्या हाताच्या कंडरेवर दुसरी शस्त्रक्रिया झाली होती. अशा दोनदां शिवलेल्या हातानें त्यानें २०२४ सालीं १८ सामने जिंकले व साय यंग पारितोषिक एकमतानें मिळविलें. बाकीच्या दिवशीं व्यवस्थापक ए. जे. हिंच यांनीं मुख्य पिचरची चालच मोडून लहान लहान पिचरांना थोडे थोडे डाव वांटून दिले. डॉजर्सकडून आलेला स्वीनी त्यांचा नेहमींचा क्षेत्ररक्षक झाला. शेवटच्या ४४ सामन्यांपैकीं ३१ जिंकून डेट्रॉइटनें २०१४ नंतर प्रथमच बाद फेरी गांठली आणि ह्यूस्टनला घरचा रस्ता दाखविला. पुढें क्लीव्हलंडशीं निर्णायक सामन्यांत स्कूबलच्याच चेंडूवर लेन थॉमसनें एका टोल्यांत चार धांवा घेतल्या आणि प्रवास थांबला. हा थॉमसही जुलैच्या अखेरीसच वॉशिंग्टनकडून अदलाबदलींत क्लीव्हलंडला आलेला होता.

दोन्ही कथा शेजारीं ठेविल्या म्हणजे एक गोष्ट दिसते. १९८७ सालीं डेट्रॉइटनें आजच्यासाठीं उद्यां दिला. २०२४ सालीं उद्यांसाठीं आज दिला आणि तरी आजचेंही कांहीं पदरांत पडलें. दोन्ही वेळीं चालकांनीं समोर होतें त्यावरून विचारपूर्वकच निर्णय केला. अलेक्झांडरला घेणें मूर्खपणाचें नव्हतें. वीस वर्षांच्या मुलाचा हात पुढें कसा निघेल हें कोणत्याही वैद्याला त्याच्याकडे पाहून सांगतां येत नाहीं. म्हणून तर सौदा पुरा होण्यापूर्वीं खेळाडूच्या खांद्या-कोपरांचे फोटो व दुखण्याचे सारे कागद दुसऱ्या संघाचे वैद्य तपासतात, आणि त्यांनीं मान हलविली तर ठरलेला व्यवहारही मोडतो.

या साऱ्या हिशेबांत ज्याचा तो हात असतो त्याला फारसें विचारलें जात नाहीं. दहा वर्षांची नोकरी आणि त्यांतील शेवटचीं पांच वर्षें एकाच संघांत झालेली असतील, किंवा करारांत तसें कलम असेल, तरच पिचरला अदलाबदल नाकारतां येते. एरवीं सकाळीं एका शहरांत मुलांना शाळेंत पोंचविणारा गृहस्थ रात्रीं दुसऱ्या शहराच्या विमानांत असतो. त्याला पैसा उदंड मिळतो हें खरें. पण ज्या अवयवाच्या जोरावर तो मिळतो त्याचा भरंवसा पुढच्या चेंडूपुरताच असतो.

स्ट्रासबर्गच्या बाबतींत काळानें दिलेला निकाल तर दोन्ही पक्षांना पेंचांत टाकणारा आहे. २०१२ सालीं जपलेला तो हात २०१९ सालीं पूर्ण बहरास आला. त्या वर्षीं त्यानें १८ सामने जिंकले, बाद फेऱ्यांत आणखी पांच जिंकले, आणि नॅशनल्स प्रथमच अजिंक्य झाले. वर्ल्ड सीरीजचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच. त्याला बसविणारे शहाणे होते, असें त्या दिवशीं कोणीही म्हटलें असतें. लगेच संघानें त्याच्याशीं सात वर्षांचा २४५ दशलक्ष डॉलरांचा करार केला. त्या करारांत तो एकंदर आठ सामने खेळूं शकला. प्रथम मनगट, मग मान व खांदा यांमधील नसांचें दुखणें, आणि २०२४ सालीं निवृत्ति. डाव मोजून ठेविल्यानें हात सात वर्षें टिकला कीं मोजले नसते तरी टिकला असता, याचा पुरावा आतां कोणालाही देतां येणार नाहीं.

म्हणून जुलै महिन्यांत एखाद्या वृत्तपत्राच्या कोपऱ्यांत 'अमुक पिचरचें कोपर दुखावलें' अशी ओळ दिसली, तर ती क्षुल्लक समजूं नये. त्या ओळीच्या मागोमाग पांचाच्या भागाकारांतील एक अंक गळतो, साहाय्यकांची झोंप उडते, कचेरींतील दूरध्वनि खणखणूं लागतात आणि दूर कोठें तरी दुय्यम संघांतील एखाद्या वीस वर्षांच्या मुलाला सामान बांधावयास सांगितलें जातें. त्या मुलाच्या हाताचें पुढें काय होईल हें त्याला देणाऱ्यालाही ठाऊक नसतें आणि घेणाऱ्यालाही.